व्हिसा कामगाराच्या नावावर हवा

अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावरून सध्या जो वाद पेटला आहे, त्यात एकच मागणी दोन अगदी वेगळ्या तोंडून ऐकू येते. तिकडची माणसं म्हणतात, हे परदेशी अभियंते आमच्या मुलांच्या नोकऱ्या खातात, कमी पगारात राबतात, दारं लावून घ्या. इकडे पुण्या-मुंबईतले बरेच जाणते लोक म्हणतात, लागू देत दारं, आपली हुशार मुलं घरी येतील, देशाचं भलंच होईल. हेतू वेगळे, पण दोघांनाही नियम आवळायला हवे आहेत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हे नियम सैल झाले पाहिजेत, आणि सगळ्यात आधी एका जागी: व्हिसा कंपनीच्या मुठीतून काढून काम करणाऱ्या माणसाच्या हातात दिला पाहिजे. अमेरिकी कामगाराच्या ज्या तक्रारी खऱ्या आहेत, त्यांच्यावर हाच इलाज आहे. नुसते आवळत गेलात तर त्या तक्रारी वाढतील.

आधी विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणारे आमच्याच बाजूचे लोक या वादाचं नुकसान करतात. २०१४-१५ च्या सुमारास फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत डिस्नेने सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना नारळ दिला. त्यांची कामं बाहेरच्या आयटी कंपन्यांकडे गेली, त्यांनी व्हिसावरची माणसं नेमली, आणि जाणाऱ्यांना सांगण्यात आलं की शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, नव्यांना काम शिकवा, तरच जातानाची रक्कम हातात पडेल. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतही त्याच काळात असंच झालं. तिथे काम घेणाऱ्या कंपन्या आपल्याच होत्या, टीसीएस आणि इन्फोसिस. वर्षानुवर्षं केलेलं काम आपल्याच हाताने दुसऱ्याला शिकवून मग घरी जायचं, यातला अपमान कळायला अमेरिकी असण्याची गरज नाही. डिस्नेतली काही माणसं कोर्टात गेली आणि त्यांचा दावा फेटाळला गेला.

तो दावा का टिकला नाही, हे नीट बघण्यासारखं आहे. ज्या कंपन्यांचा कारभार मोठ्या प्रमाणावर एच-वनवर चालतो, त्यांनी स्थानिक माणसाला हटवून परदेशी माणूस बसवायचा नाही, अशी अट अमेरिकी काँग्रेसने १९९८ मध्ये घातली. पण त्याच कायद्यात पळवाटही ठेवली. परदेशी माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर मिळत असतील किंवा त्याच्याकडे मास्टर्स असेल, तर ही अट लागू नाही. १९९८ मध्ये तो भरघोस पगार होता. तो आकडा त्यानंतर कधीच वाढवला गेला नाही. महागाई वाढली, पगार वाढले, घरभाडी कुठच्या कुठे गेली, पण कायद्यातले साठ हजार जिथल्या तिथे. म्हणजे आज कुठलीही मोठी आयटी कंपनी त्या अटीतून अलगद बाहेर पडते.

दुसरी मेख पगाराच्या दरात आहे. एच-वनवरच्या माणसाला त्या भागातला चालू दर द्यावा लागतो, हे खरं. पण तो दर चार पायऱ्यांत मोजतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे त्या भागात त्या कामाला मिळणारे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले, तर तळापासून सतराव्या टक्क्यावरचा पगार. दुसरी चौतिसाव्या टक्क्यावरचा. दोन्ही मध्याच्या खाली. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या डॅनियल कोस्टा आणि रॉन हिरा यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की मंजूर झालेल्या जागांपैकी ६० टक्के याच दोन पायऱ्यांवरच्या होत्या. हा आकडा मी विरोधकांकडून उसना घेत नाही, मला तो मान्यच आहे.

इथपर्यंत आमचं एकमत. वाट फुटते ती पुढे. हा माणूस कमी पगारावर का राहतो, हा प्रश्न विरोधक विचारतच नाहीत. त्यांनी गृहीत धरलं आहे की भारतातून आलेल्याला कमीतही भागतं. न्यू जर्सीतला घरमालक भाडं सांगताना पासपोर्टचा रंग बघत नाही. दुकानातलं दूध सगळ्यांना त्याच भावाने मिळतं. माणूस कमी पगार सोसतो, कारण त्याला नोकरी सोडून जाण्याची सोय नाही. व्हिसाचा अर्ज कंपनीने केलेला असतो, कागद तिच्या वकिलाकडे असतात. नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी अर्ज करायला तयार झाली तर ठीक, नाहीतर बायकोपोरांसकट देश सोडायचा.

२००० सालच्या कायद्याने नोकरी बदलण्याची मुभा दिली आहे, हे मला ठाऊक आहे. कागदावर ती आहेच. पण खरा फास एच-वनचा नाही, ग्रीन कार्डचा आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात, आणि त्यात माणसाची बायको आणि मुलंही मोजतात. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जायची नाहीत, असा नियम. एच-वनच्या मंजुऱ्यांमध्ये भारतीय ७० टक्क्यांच्या वर, आणि ग्रीन कार्डच्या दारात आइसलँडला जेवढी जागा तेवढीच भारताला. परिणाम असा की दहा लाखांहून अधिक भारतीय, कुटुंबं धरून, या रांगेत आहेत. २०२५ संपत आलं तेव्हा ईबी-टू नावाच्या वर्गात भारतीयांची रांग २०१३ साली लावलेल्या अर्जांपर्यंत सरकली होती. या सगळ्या वर्षांत माणूस कंपनी बदलू शकतो, पण बदलली की नव्या कंपनीने सगळे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून करायचे: आधी या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही हे सिद्ध करा, मग ग्रीन कार्डासाठीचा आय-वन-फॉर्टी हा फॉर्म भरा. रांगेतली तारीख तेवढी जुनी टिकते. इतकी दगदग करायला तयार असलेली कंपनी शोधताना पगाराची घासाघीस कोण करणार?

माझा एक पुतण्या आहे. कराडचा. इस्लामपूरच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला, २००८ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती. त्याची रांगेतली तारीख २०१५ ची. २०२३ च्या सुरुवातीला आयटीत नोकरकपातीची लाट आली, तेव्हा त्याची नोकरी एका ईमेलने गेली. त्या काळात तो मला रात्री-अपरात्री फोन करायचा. एकदा म्हणाला, "काकू, आज मुलाखत झाली. त्यांनी माझा अनुभव नंतर विचारला. पहिला प्रश्न काय होता माहितीये? तुमचे किती दिवस उरलेत?" उत्तर ऐकून समोरच्याने पगार सांगितला. आधीच्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी, गाव डॅलस, रुजू व्हायचं सोमवारी. त्याने होकार दिला. बायको आणि मुलगी शाळेचं वर्ष संपेपर्यंत न्यू जर्सीतच राहिल्या. तिथे रुजू झाल्यावर त्याला कळलं की त्याच जागेसाठी पन्नाशीच्या एका अमेरिकी माणसाचीही मुलाखत झाली होती. त्याने नेहमीचा पगार मागितला होता. त्याला नंतर फोनच गेला नाही.

त्या अमेरिकी माणसाची नोकरी कुणी घेतली? माझ्या पुतण्याने, असं तिकडचे विरोधक म्हणतील. मी म्हणेन, ती त्या पहिल्या प्रश्नाने घेतली. पुतण्याला साठ दिवसांची टांगती तलवार नसती तर त्यानेही नेहमीचाच पगार मागितला असता, आणि मग कंपनीला दोघांतून कामाच्या जोरावर निवडावं लागलं असतं. आता येत्या वर्षी त्याच्या मुलीला एकवीस पूर्ण होतील आणि ती वडिलांच्या अर्जातून बाहेर पडेल. तिसऱ्या वर्षापासून जिथे वाढली त्या देशात तिला विद्यार्थी व्हिसा काढून राहावं लागेल. अशी मुलं हजारोंनी आहेत.

जोडीदाराबद्दलही हा कायदा असाच निष्ठुर आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी स्वतःच लिहिलं आहे की १९९४ मध्ये त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, पण त्याच्या नियमांत पत्नीला आणायला वर्षानुवर्षं लागली असती, म्हणून दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन त्यांनी ते परत केलं आणि एच-वन घेतला. कायम राहण्याचा हक्क सोडून तात्पुरता घ्यावा, तेव्हा संसार सुरू व्हावा, अशी त्या कायद्याची रचना होती. एच-वनवाल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळाला तो २०१५ मध्ये, तोही सरसकट नाही. माणूस ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. तोवर शिकल्यासवरलेल्या किती बायकांनी उमेदीची वर्षं घरात घालवली, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आता आवळण्याचा ताजा प्रयोग. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फर्मान काढलं: नव्या एच-वन अर्जामागे १,००,००० डॉलर. अंमल २१ तारखेला मध्यरात्री, तिकडच्या वेळेने. आपल्याकडे शनिवारी सकाळी लोक उठले ते या बातमीने. फी दरवर्षी भरायची की एकदाच, आधीपासून व्हिसा असलेल्यांना ती लागू आहे का, कुणालाच कळत नव्हतं; त्यांचे वाणिज्य मंत्री दरवर्षी म्हणाले होते. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांनी आपल्या माणसांना निरोप धाडले की देशाबाहेर असाल तर मुदतीच्या आत परता. पुतण्या त्या आठवड्यात वडिलांच्या श्राद्धासाठी कराडला आला होता. रविवारी सर्वपित्री अमावास्या. कराडहून मुंबई, मुंबईहून डॅलस, रविवारी सकाळी साडेनऊच्या आत पोचणं अशक्यच होतं. पान वाढलेलं आणि तो हातात फोन घेऊन अंगणात येरझारा घालतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नंतर खुलासा आला की फी एकदाच, फक्त नव्या अर्जांना. ऑक्टोबरमध्ये आणखी खुलासा आला की अमेरिकेतच शिकून तिथेच दर्जा बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही.

या फीचं समर्थन करणारे म्हणतात की आता कंपन्या उगाच कुणालाही आणणार नाहीत, खरंच गुणी असेल त्यालाच आणतील. मला हा युक्तिवाद अगदी उथळ वाटतो. ज्या कंपनीने एका माणसापायी लाख डॉलर मोजले, ती त्याला सुखासुखी सोडेल का? ते पैसे वसूल होईपर्यंत ती त्याला धरून ठेवणार, पगारवाढ लांबवणार. ज्या बांधिलकीमुळे पगार खाली येतात, ती बांधिलकीच सरकारने आणखी घट्ट केली. शिवाय लाख डॉलर बड्या कंपनीला जड नाहीत. जड आहेत ते खेड्यातल्या रुग्णालयाला, ज्याला परदेशातून डॉक्टर आणायचा आहे, आणि गणिताचा शिक्षक न मिळणाऱ्या शाळेला. डिस्नेत जे घडलं तसं पुन्हा घडू नये, यासाठी या फर्मानात काहीही नाही. साठ हजारांचा आकडा आजही तिथेच आहे. डिसेंबरमध्ये, ज्या सोडतीने हे व्हिसा दिले जातात तिच्यात जास्त पगाराच्या अर्जांना झुकतं माप देणारा नियम जाहीर झाला, त्यात निदान विचार तरी आहे. पण निवड झाल्यावर माणूस बांधलेलाच राहणार असेल, तर तो पगार पुढे वाढेल याची हमी कुणी द्यायची?

दारं लावली की नोकऱ्या स्थानिकांना मिळतात, हे गृहीतकसुद्धा तपासून झालेलं आहे. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामासाठी आणणारी ब्रासेरो योजना अमेरिकेने १९६४ अखेर बंद केली. तेव्हाही हेतू हाच होता: स्थानिक मजुरांचे पगार वाढावेत. मायकल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्याराज्याचे आकडे लावून पाहिलं, तर पगार वाढलेच नव्हते. शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडणीची यंत्रं आणली आणि जी पिकं यंत्राने काढता येत नव्हती, ती कमी केली. संगणकाच्या क्षेत्रात यंत्राच्या जागी हिंजवडी आहे. एच-वनची वार्षिक मर्यादा २००४ मध्ये १,९५,००० वरून ६५,००० वर आली, तेव्हा काय झालं याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ ब्रिटा ग्लेनन यांनी केला. ज्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना माणसं आणता येईनात, त्यांनी भारत, चीन आणि कॅनडातल्या आपल्या शाखांमध्ये भरती वाढवली. काम गेलं, त्याच्या मागोमाग कॅन्टीनवाल्यापासून घरदलालापर्यंतची कामंही गेली.

आणि सप्टेंबर २०२५ मधलं जॉर्जियातलं प्रकरण तर ताजंच आहे. ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर धाड घालून ४७५ लोकांना पकडलं, त्यात तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे. हे लोक यंत्रं बसवायला आले होते. कारखाना अमेरिकेत, पुढच्या नोकऱ्या अमेरिकी माणसांच्या, पण ती यंत्रं बसवणारा कुशल माणूस थोडे महिने कायदेशीरपणे यावा यासाठी सोयीचा व्हिसाच त्या देशाकडे नाही. दोन महिन्यांनी खुद्द ट्रम्प यांनी मुलाखतीत याच प्रकरणाचा दाखला देत कबूल केलं की काही कौशल्यं अमेरिकेकडे नाहीत.

विरोधकांच्या हातातला सगळ्यात चांगला शोधनिबंध डोरान, गेल्बर आणि आयसेन यांचा आहे. सोडतीत व्हिसा लागलेल्या आणि न लागलेल्या कंपन्यांची त्यांनी तुलना केली. व्हिसा लागलेल्यांकडे पेटंटं फारशी वाढली नाहीत, इतरांची भरती मात्र घटली, सरासरी पगार थोडा उतरला आणि नफा वाढला. हा निबंध फडकावणाऱ्यांनी शेवटचा शब्द पुन्हा वाचावा. नफा वाढला. पगारातून वाचलेला पैसा ना परदेशी माणसाला मिळाला, ना स्थानिक माणसाला. याच्या उलट, पेरी, शिह आणि स्पार्बर यांनी शहरंच्या शहरं तपासली, तेव्हा परदेशी तंत्रज्ञ जिथे वाढले तिथे शिकलेल्या स्थानिकांचे पगारही वाढलेले दिसले. मला या दोन निष्कर्षांत भांडण दिसत नाही. माणसं येण्याने शहर पुढे जातं आणि माणसं बांधून ठेवण्याने कंपनीचा गल्ला भरतो, असं दोन्ही एकत्र वाचलं की कळतं.

आमच्या बाजूच्या वकिलांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याच गोटात या विषयावरून जुंपली, तेव्हा त्याच गोटातले विवेक रामस्वामी यांनी लिहिलं की अमेरिकी संस्कृती गणितात चमकणाऱ्यापेक्षा शाळेतल्या सौंदर्यराणीला डोक्यावर घेते, म्हणून कंपन्यांना परदेशी अभियंते लागतात. आपल्याकडे अनेकांनी त्यावर माना डोलावल्या. असं बोलणं खोटं आहे आणि घातकही. डिस्नेत काढलेली माणसं आळशी नव्हती. ती इतकी जाणकार होती की त्यांच्याकडून शिकून घ्यावं लागलं. आपली मुलं जात्याच हुशार आणि त्यांची निकामी, अशी भाषा वापरून आपण तिकडे राबणाऱ्या आपल्याच माणसांबद्दल द्वेष पेरतो. जर्मनीत २००० साली भारतीय तंत्रज्ञांना बोलवायची योजना निघाली, तेव्हा तिथला एक नेता भारतीय नकोत, आपली मुलं शिकवा अशा घोषणेवर निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पुढे त्याच जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० करण्याचं ठरवलं. त्या देशाला हे समजायला जवळपास पाव शतक लागलं.

आता घरच्या विरोधकांकडे वळते. त्यांच्याशी भांडताना मला जास्त यातना होतात, कारण ते आपलेच आहेत.

"सरकारी पैशावर शिकतात आणि परदेशात जातात," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. साठ-सत्तरच्या दशकांत पवईच्या आयआयटीतून निघालेल्यांबद्दल त्यात थोडंफार तथ्य होतं. पण वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि सगळं चित्र पालटलं. सांगली, इस्लामपूर, शेगाव, लोणी अशा गावांत कॉलेजं उभी राहिली. तिथे शिकलेल्या मुलांच्या बापांनी फी भरली, ती उसाच्या बिलातून, जमीन गहाण टाकून, पतपेढीच्या कर्जातून. पुढे अमेरिकेत मास्टर्स करायला बँकेचं चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज, तेही घर तारण ठेवून. यात सरकारचं काय गेलं? मग या मुलाने कुठे राबावं हे ठरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

शिवाय ही मुलं सगळ्या वाटा बंद करून जात नाहीत. २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांत अमेरिकेचा वाटा सुमारे २८ टक्के होता आणि राज्यांत सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा, २० टक्क्यांच्या थोडा वर, असं रिझर्व्ह बँकेची पाहणी सांगते. पैशापलीकडचंही काही येतं. नरेंद्र पटणी एमआयटीत शिकायला गेले, तिथेच १९७२ मध्ये छोटा धंदा सुरू केला आणि कामासाठी पुण्याकडे वळले. त्यांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली. पटणींना तेव्हा कुणी जाऊ दिलं नसतं, तर आज ज्या हिंजवडीच्या जोरावर "इथेच काय कमी आहे" असं आपण म्हणतो, तिचा पाया कुणी घातला असता? आज देशात परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक केंद्रं आहेत, त्यांत १९ लाख माणसं कामाला आहेत. ही केंद्रं इथे आणण्यासाठी तिकडे बसून आपल्या वरिष्ठांशी भांडणारे कित्येक जण एच-वनवरच गेलेले होते.

आणि दार लागल्यावर मुलं परत येतील, हा तर निव्वळ भ्रम. माझ्या पुतण्याला गेली कित्येक वर्षं कराडला परतून दूध प्रक्रियेसाठी सॉफ्टवेअरचा उद्योग काढायचा आहे. तो येत नाही, कारण आला तर रांगेतली दहा वर्षं पाण्यात जातील आणि मुलीचं पुढचं अडेल. त्याच्याच बरोबरीचा, ग्रीन कार्ड वेळेत मिळून पुढे नागरिक झालेला त्याचा मित्र मात्र तीन वर्षांपूर्वी पुण्यात येऊन बसला आहे, कारण इथे नाही जमलं तर त्याला तिकडे जायची सोय आहे. जाण्यायेण्याची मोकळीक असली की माणूस इकडे येऊन धाडस करतो. ज्यांना खरोखर आपली माणसं परत यावीत असं वाटतं, त्यांनी या रांगेविरुद्ध बोलायला हवं. घालवून दिलेला माणूस परत येतो तो कर्ज डोक्यावर घेऊन, अर्ध्यात शाळा तुटलेलं पोर घेऊन. त्याला घरवापसी म्हणून आनंद मानणं मला क्रूर वाटतं.

काय करायला हवं, ते फार गुंतागुंतीचं नाही. एखाद्या माणसाने अमेरिकेत वर्षभर काम केलं की व्हिसा त्याच्या नावावर करा. त्याला हवं तिथे काम करू द्या, स्वतःचा धंदा काढू द्या. ग्रीन कार्डाचा अर्ज त्याचा त्याला करू द्या. नोकरी गेल्यावर ६० ऐवजी निदान १८० दिवस द्या. पगाराची सगळ्यात खालची पायरी मध्यावर आणा, आणि १९९८ मधले साठ हजार आजच्या पगारांना जोडून दरवर्षी वाढवा. पगाराबाबतच्या या शेवटच्या मागण्या मी मुद्दाम यात घालते, कारण त्या अमेरिकी कामगारांच्याही मागण्या आहेत. यावर कंपन्यांचे वकील म्हणतात, माणूस वर्षभरात निघून जाणार असेल तर त्याला आणायचा खर्च आम्ही का करायचा? अमेरिकी नागरिक असलेला नोकर उद्या सकाळी राजीनामा देऊ शकतो, तरी त्याला नेमता ना? त्याला टिकवायला जे करता तेच याच्यासाठी करा.

देशवार ७ टक्क्यांची मर्यादा काढायचं विधेयक २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं. सिनेटने पुढच्या वर्षी वेगळ्या स्वरूपात मंजूर केलं, दोन्ही मसुदे जुळलेच नाहीत आणि सगळं बारगळलं. मर्यादा नुसती काढली तर इराण-नायजेरियातल्या अर्जदारांची रांग लांबेल, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून मर्यादा काढतानाच एकूण संख्येतून बायको-मुलांना वगळा. कामाच्या जागा मोजताना पाळण्यातलं बाळ मोजायचं, याला अर्थ नाही.

आपल्या सरकारने काय मागायचं, याचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेने व्हिसाची फी वाढवली म्हणून भारताने २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. ती फी कंपन्या भरतात. पण एच-वनवरचा प्रत्येक माणूस पगारातून ६.२ टक्के तिकडच्या सामाजिक सुरक्षेसाठी भरतो, तेवढेच त्याच्या नावाने कंपनी भरते, आणि दहा वर्षांचं काम पुरं व्हायच्या आत परत आला तर भारतीय माणसाला त्यातला एक डॉलरही मिळत नाही. एच-वन मुळात सहा वर्षांचा. परतून आलेल्या लाखो लोकांचे पैसे असे तिकडेच राहिले आहेत. असे पैसे बुडू नयेत यासाठी अमेरिकेचे कितीतरी देशांशी करार आहेत, भारताशी नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, तेव्हा भारताने तीन वर्षांपर्यंत तिकडे पाठवलेल्या कामगाराला दुहेरी वर्गणीतून सूट मिळवून घेतली. म्हणजे मागितलं तर मिळतं. वॉशिंग्टनशी बोलणी करायला बसणाऱ्यांनी कंपन्यांच्या फीआधी हा विषय टेबलावर ठेवावा, आणि महाराष्ट्रातून जे खासदार दिल्लीत बसतात, त्यांनी तो ठेवला की नाही हे संसदेत विचारावं.